आधी कोण कापणार

थोरल्यानं कामावरचं हेल्मेट काढून सरळ टीव्हीवर ठेवलं, तेव्हाच सुनेनं ओळखलं की आज घरात वाजणार. एरवी तो ते दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवून आत यायचा. पुलाच्या कामावर तो क्रेन चालवायचा आणि तिथली धूळ घरात आणायची नाही, हा नियम त्याचा त्यानंच केलेला होता.

“उद्या दुपारच्या भरतीला शेवटचा गर्डर बसतोय,” तो म्हणाला. “साहेबानं आज मला बाजूला घेतलं. म्हणाला, खाडीतल्या सगळ्यांनी डोलकाठ्या कापल्या, नाहीतर बोटी बाहेर नव्या बंदरात नेल्या. दोन म्हातारे तेवढे अडून बसलेत. मग हळूच विचारलं, दोघंही तुझेच ना?”

“मग?” धाकट्यानं कपातून मान वर न काढता विचारलं.

“मग काय मग? हो म्हणालो. बाप माझा, काका माझे. सांगताना मान खाली गेली.”

कप्तान खिडकीशी बसला होता. गावभर तो कप्तानच होता; मुलं आणि सून तेवढी बाबा म्हणत. खिडकीखाली धक्का, धक्क्याला त्याची निळी बोट, खाडीपलीकडे दुसरा धक्का आणि त्याला मेहुण्याची, नवाबची तांबडी बोट. ही खिडकी घर बांधताना त्यानं मुद्दाम इतकी रुंद ठेवली होती. घरात ऊन येतं म्हणून बायकोनं आयुष्यभर तक्रार केली आणि ती गेली, तरी खिडकीला पडदा काही लागला नाही.

“त्याला सांग आधी,” कप्तान पलीकडे बोट दाखवत म्हणाला. “त्यानं कापली की मी कापतो.”

“त्यांना विचारलं तर ते म्हणतात, आधी तुम्ही.”

“मग बसवा म्हणावं गर्डर. मी आत राहीन. मला कुठं जायचंय?”

“अहो बाबा, मग बोट काय खाडीत नुसती गोल गोल फिरवणार? डोलकाठी पुलाला अडेल. बाहेर समुद्रात जाताच येणार नाही तुम्हाला.”

सून दारात उभी राहून ऐकत होती. या डोलकाठ्यांचं प्रकरण तिला लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासूनं समजावून दिलं होतं. पोरवयात कप्तान आणि नवाब एकाच मालवाहू बोटीवर खलाशी होते, दोराच्या एकाच वेटोळ्यावर झोपायचे. पुढं दोघांनी आपापल्या बोटी घेतल्या, नवाबनं कप्तानची बहीण केली, आणि तिथून जी चुरस लागली ती लागली. नवाबनं हातभर जास्त उंच डोलकाठी बसवली की पुढच्या हंगामात कप्तानची त्याहून दोन हात उंच. याचं इंजिन मोठं, तर त्याचा दिव्यांचा थाट मोठा. नवाबनं मोटार घेतली. चालवता येत नव्हती, म्हणून ती दारात जुन्या शिडाखाली झाकून ठेवली. त्यावर कप्ताननं घरावर दुसरा मजला चढवला. तिथं आजवर एक मोडका पंखा आणि दोन गाद्या सोडून कुणी राहिलेलं नाही. भांडण मात्र एकदाही नाही. याच्या बोटीचं काही बिघडलं की पहिला पाना त्याच्या हातात असायचा. सासू गेली त्या वर्षी कप्ताननं बोटीला रंग दिला नाही, तर पलीकडे नवाबनंही दिला नाही. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

आता शिडं तर कधीच गेली होती, बोटी इंजिनावर चालत होत्या. डोलकाठीचा उपयोग एवढाच, की सकाळी उठून दुसऱ्यानं बघावी. गेल्या साली नवाबच्या डोलकाठीवर सोनेरी पट्टा आला, तेव्हा कप्तान जेवताना कुणाशी बोलला नव्हता. मग त्यानं स्वतःच्या डोलकाठीच्या टोकाला मोठा तांबडा दिवा बसवला आणि त्याला भूक लागली.

“मला विचाराल तर कापूच नका,” धाकटा म्हणाला. तो बापाबरोबर बोटीवर जायचा. “बाहेर नेऊ. नव्या बंदरात माल आहे, क्रेन आहे, भाडं चांगलं मिळतं. इथं खाडीत काय उरलंय? गेल्या महिन्यात तर आपण रिकामेच फिरून आलो.”

“रिकामे?” थोरला वळला. “रिकामे कशाला गेला होतात?”

धाकट्यानं नुसतं बापाकडं बघितलं. सुनेला कळलं. नवाबची बोट किती दिवसांत धक्क्यावरून हलली नव्हती. ‘एवढा पैसा झालाय की कामाला जायची गरज नाही त्याला’, असं कप्तान जळफळून म्हणायचा. मग आपली बोट तरी जाताना दिसली पाहिजे ना.

“बाहेर नेली तर बाबा तिकडंच राहतील,” सून म्हणाली. तिनं बोलायचं ठरवलं नव्हतं. “बोटीवरच झोपतील. इथं जेवायला यायचं तर अर्ध्या दिवसाचा रस्ता आहे.”

“तेच म्हणतोय मी,” थोरला म्हणाला. “कापा आणि घरात राहा.”

“पण कापायची तर त्यांना ठरवू दे. साहेबासमोर तुम्हाला लाज वाटते म्हणून नको.”

थोरल्यानं बायकोकडं असं बघितलं, जणू तिनं भर बाजारात बाजू बदलली. तेवढ्यात धक्क्याच्या पायऱ्यांवर चपला वाजल्या आणि पलीकडून आत्या आली. छोट्या होडीतून ती स्वतः वल्ही मारत यायची. या वयातही तिला कुणी हात दिलेला चालत नसे. ओल्या पदरानं हात पुसत ती खुर्चीवर टेकली.

“निरोप आहे,” ती म्हणाली. “ह्यांनी सांगितलंय, भाऊला म्हणावं, तुझ्या हातून होत नसेल तर करवत मी पाठवतो.”

धाकटा फस्सकन हसला. कप्तानही हसला, आणि त्याच्या चेहऱ्यावर अशी टवटवी आली की सुनेला वाटलं, या माणसाला दिवसभरात आपण चार वेळा चहा देतो, पण हा जगतो या निरोपांवर.

“त्याला म्हणावं, करवतीला धार लावून ठेव. तुलाच लागेल.”

आत्या हसली नाही. तिनं मुलांकडं बघितलं आणि कप्तानला म्हणाली, “भाऊ, मला होडीपर्यंत सोडायला चल.”

“तुला कधीपासून सोडायला लागतं?”

“आजपासून.”

*

ओहोटी लागली होती आणि चिखलाचा वास धक्क्यावर चढत होता. कप्तान शेवटच्या पायरीवर बसला. बहीण उभीच राहिली. पलीकडं नवाब आपल्या बोटीवर बसलेला दिसत होता, रोज संध्याकाळी बसायचा तसा, तोंड इकडं करून.

“बघ,” कप्तान म्हणाला, “कसा टक लावून बघतोय. माझा नवा दिवा लागायची वाट बघत असेल.”

“भाऊ, ह्यांना दिसत नाही.”

“काय दिसत नाही?”

“लांबचं. डोळे गेलेत ह्यांचे. म्हणजे गेले नाहीत, पण…” तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “डॉक्टर म्हणाले, आता सुधारणार नाहीत. कुणाला सांगायचं नाही म्हणून ह्यांनी मला शपथ घातली. बोट नेत नाहीत ती म्हणून.”

कप्तानला आधी काय वाटलं असेल, तर राग आला. एवढे दिवस तो या माणसाला श्रीमंत समजून जळत होता.

“मला का नाही सांगितलं?”

“तुलाच तर सांगायचं नव्हतं.” ती खाली बसली. “बाकी कुणाला कळलं असतं तरी चाललं असतं. तुला कळलं तर संपलंच सगळं, म्हणाले. आता ऐक. उद्या दुपारच्या आत हे बोट बाहेर काढणार. मी ओळखते ना ह्यांना. तू कापली नाहीस तर हे कापणार नाहीत, आणि मग आत अडकून पडण्यापेक्षा एकटेच सुकाणू धरतील. त्या खांबांमधून. त्या डोळ्यांनी. भाऊ, बोट फुटेल आणि हेही जातील.”

“मी समजावतो त्याला.”

“काय समजावशील? मला कळलंय म्हणून सांगशील?”

कप्ताननं पुन्हा पलीकडं बघितलं.

“तू आधी काप,” आत्या म्हणाली. “तू कापलीस की हे दोन शिव्या देतील, चार दिवस मिशीला पीळ भरतील, आणि आपली कापून टाकतील. मग बोट इथंच राहील. सकाळी उठून हे तिच्यावर जाऊन बसतील. मला एवढंच पाहिजे. सकाळी उठायला काहीतरी पाहिजे माणसाला.”

“आणि मी हरलो, ते?”

तिनं भावाकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज नेहमीचाच होता. “तू हर की एकदा. तुला काय होतंय?”

ती होडीत बसून गेली. वल्ह्यांचा आवाज पार पलीकडे जाईपर्यंत येत राहिला. कप्तान तिथंच बसला. आपल्याला काय होतंय, हे त्याला नीट सांगता आलं असतं. मुलं मोठी झाली, थोरला दिवसभर क्रेनच्या पिंजऱ्यात आणि घरी आला की झोपेत. धाकट्याच्या डोक्यात बाहेरचं बंदर. सून चांगली आहे, वेळेवर विचारते, पण काय बोलायचं तिच्याशी? बायको होती तेव्हा तक्रारी तरी करायची. आता त्याला बघणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते खाडीच्या पलीकडं बसलेलं होतं. लांबचं थोडं धूसर दिसत असेल, असं त्यानं मनाला सांगितलं. उंची तर दिसतच असणार. दिवा तर दिसतच असणार.

त्यानं उठून दिवा लावला. पलीकडून नवाबनं नेहमीप्रमाणे हात वर केला. त्याच्या शेजारी आत्या नुकतीच होडीतून वर येऊन उभी राहिली होती.

*

सकाळी कप्ताननं धाकट्याला हाक मारली आणि सुताराची मोठी करवत आणायला पाठवलं. धाकट्यानं दोनदा विचारलं, “नक्की?” तिसऱ्यांदा विचारायची त्याची छाती झाली नाही.

लाकूड जुनं आणि कडक होतं. बापलेक दोन टोकांना धरून ओढत होते, भुसा पाण्यावर पिवळा पसरत होता. सून खिडकीत येऊन उभी राहिली आणि थोड्या वेळानं आत गेली. डोलकाठी कडकडली, दोरांवर क्षणभर तोलून राहिली आणि डेकवर आडवी झाली. आवाज खाडीभर गेला. पलीकडच्या धक्क्यावरचे बगळे उडाले.

कप्तान घाम पुसत उभा राहिला आणि वाट बघू लागला. आता नवाब ओरडणार. तांब्याचा भोंगा वाजवणार, बोटीवर नाचणार, सगळ्या खाडीला ऐकू जाईल असं काहीतरी बोलणार. नवाब आपल्या बोटीवर उभा होता, तोंड इकडंच होतं, पण तो काहीच करत नव्हता. कप्ताननं हात हलवला. नवाबनं हलवला नाही.

“रुसले की काय काका?” धाकटा म्हणाला.

मग आत्याची होडी पाण्यात आली. नवाब तिच्यात बसला होता, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून, शाळेत पहिल्यांदा चाललेल्या मुलासारखा.

*

आत्यानं होडी निळ्या बोटीला लावली आणि कठड्याला हातानं धरून ठेवली. ती वर चढली नाही. नवरा चाचपत वर गेला. इथली प्रत्येक कडी त्याच्या हाताला ठाऊक होती, त्यामुळे बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा सावकाश चढतोय एवढंच. डेकवर आडव्या पडलेल्या लाकडाला पाय लागला तसा तो थांबला. मग बुंध्यापाशी जाऊन कापलेल्या जागेवर त्यानं तळहात ठेवला आणि कडेकडेनं फिरवला. ओला भुसा बोटांना चिकटला.

“खरंच कापलीस,” तो म्हणाला. “ही सांगत होती. मला वाटलं, मला कापायला लावायचं म्हणून थापा मारतेय.”

“आवाज नाही ऐकलास?”

“आवाज कशाचाही असतो.”

“अरे, समोर होतं सगळं. तुला…” भाऊ बोलता बोलता अडखळला, आणि आत्याला वाटलं, संपलं.

नवाबनं मान तिरकी केली. “सांगितलंन वाटतं हिनं तुला.”

“थोडं कमी दिसतं म्हणाली. लांबचं.”

“थोडं?” नवाब हसला. “तुझं तोंड कुठं आहे ते मी आवाजावरून बघतोय. मागच्या वर्षीच्या आधीच्या हंगामात तुझी बोट मला शेवटची दिसली. निळी होती एवढं आठवतं. मग नुसता उजेड आणि सावली. आता उजेडही गेला.”

धाकटा करवत हातात धरून उभा होता. त्यानं ती आवाज न करता खाली ठेवली.

“अरे, पण तू संध्याकाळी हात करायचास,” कप्तान म्हणाला.

“ही सांगायची ना. दिवा लागला, म्हणायची. मी हात करायचो. सकाळी उठलो की पहिलं विचारायचो, आज काय केलंय त्यानं? ही बघून सांगायची. आज रंग चाललाय. आज पितळ घासतोय. आज बोट भरून चाललीय, पाणी कठड्याला लागतंय. मी म्हणायचो, बघतो तुझ्या भावाला. आणि उठायचो.” त्यानं भुसा पॅन्टला पुसला. “तू सोनेरी पट्टा मारलास तेव्हा मात्र मला रात्रभर झोप आली नाही. सोनेरी! अरे, आपल्याला शोभतं का ते? पण मग मीही मारला. हिनं कडेनं चिकटपट्टी लावून दिली, मी आतून रंग फिरवला. सरळ आला का रे?”

आत्यानं डोळे मिटून घेतले. निळ्या बोटीवर कधीच सोनेरी पट्टा नव्हता. ते दिवस वाईट होते. नवरा भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा, जेवायचा नाही, उठायचा नाही. खिडकीत उभी राहून तिनं पलीकडं बघितलं होतं, आणि पलीकडं नवं काहीच नव्हतं. तेव्हा तोंडात आलं ते बोलली. मग त्यातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. बोट भरून चाललीय, हेही तिचंच. भावाच्या आयुष्यात जेवढं घडत नव्हतं तेवढं ती घडवत गेली, आणि घरी आल्यावर भांडी घासताना एकटीच त्यावर रडली. हे सांगण्यासारखं माणूस तिलाही कुठं होतं?

आता भाऊ तिच्याकडं बघतोय, हे तिला न बघता कळलं. कठड्याची कडी तिच्या मुठीत रुतत होती.

“सरळ आला,” कप्तान शेवटी म्हणाला. “माझ्यापेक्षा सरळ आला. माझा जरा फाकला होता.”

“फाकला ना?” नवाबचा चेहरा उजळला. “मी हिला म्हणालो होतो, त्याचा हात थरथरतो.”

आत्यानं डोळे उघडले. भाऊ पाण्याकडं बघत होता.

“आता तुझी पाळी,” तो नवाबला म्हणाला. “करवत इथंच आहे. धाकटा येईल बरोबर. दुपारच्या आत होऊन जाईल.”

“माझी कशाला?”

“कशाला म्हणजे? गर्डर बसतोय.”

“बसू दे. तू कापलीस, मी जिंकलो. जिंकलेल्यानं कापायची कुठं पद्धत आहे?” नवाबनं आवाजाच्या दिशेनं हात पुढं केला आणि कप्तानचा दंड पकडला. “माझी काठी अख्खीच्या अख्खी बाहेर जाईल. सगळ्यांसमोर.”

“तुम्ही नेणार?” आत्या ओरडलीच. “तुम्हाला दिसतंय का काही?”

“मी नाही गं. एवढा येडा नाही मी.” तो वळला, जरा चुकून करवतीकडं बघत. “पोरा, आहेस का इथं?”

“आहे काका,” धाकटा म्हणाला.

“तुला बाहेर जायचंय ना? तुझी आत्या सांगते. आम्हाला मूलबाळ नाही. घेऊन जा तांबडी. तुझीच ती आता. फक्त काठीला हात लावायचा नाही, मी आहे तोवर.”

होडी बोटीला हळूहळू धडकत होती. धाकट्यानं बापाकडं बघितलं. त्याच्या तोंडावर आनंद आणि शरम एकाच वेळी आली होती, आणि ती लपवायचं त्याला कळत नव्हतं. आत्याला भावाचा हिशेब दिसत होता. त्यानं डोलकाठी दिली ती समोरची बोट समोर राहावी म्हणून. आता बोट चालली होती आणि तिच्याबरोबर मुलगाही. कप्ताननं नुसता नकार दिला असता तरी पुरलं असतं. धाकटा बापाच्या शब्दाबाहेर नव्हता.

“जा,” कप्तान म्हणाला. “ओहोटी लागायच्या आत काढ. मधल्या खांबाशी ओढ आहे, इंजिन कमी करू नकोस.”

*

क्रेनच्या पिंजऱ्यातून थोरल्याला सगळी खाडी दिसत होती. गर्डर साखळ्यांवर लोंबत होता आणि वॉकीटॉकीवर साहेब दर मिनिटाला खेकसत होता.

“बोट आली का?”

“येतेय.”

त्यानं निळी बोट आधी शोधली आणि सापडेना. इतकी वर्षं तो ती डोलकाठीवरून ओळखत आला होता. मग धक्क्याशी एक बोडकं, बुटकं काहीतरी दिसलं. रोज हेच तर मागत होता तो. तांबडी बोट मधल्या खांबांतून जाऊ लागली तेव्हा तिच्या सुकाणूवर त्याला काकांऐवजी आपला भाऊ दिसला. काठीचं टोक त्याच्या पिंजऱ्याच्या जवळजवळ बरोबरीनं सरकत गेलं. सोनेरी पट्टा उन्हात चमकला. धाकट्यानं वर बघून हात केला नाही. त्याचं लक्ष पाण्यावर होतं.

“गेली का?”

थोरल्यानं उत्तर द्यायला वेळ लावला. बाबांच्या बोटीवर दोन माणसं बसलेली त्याला दिसत होती, दोघंही तोंड पुलाकडं करून. आपण गर्डर खाली घेतला की भाऊ बाहेर आणि बाबा आत, हे असंच राहणार, हे त्याला तेव्हा समजलं. सकाळी घरून निघताना बाबांना हाक मारून निघायला हवं होतं, असंही वाटलं.

“गेली,” तो म्हणाला आणि कळ खाली ओढली.

*

“आता कुठं आहे?” नवाबनं विचारलं.

“पुलाच्या बाहेर. वळतेय.”

“कशी दिसते?”

“कशी दिसणार? मोठी दिसते. काठी पुलाच्याही वर आहे. कामावरचे लोक थांबून बघतायत.”

“थांबून?”

“हो. एकानं टोपी काढली.”

कुणी टोपी काढली नव्हती. बोलल्यावर कप्तानला कळलं की हे किती सोपं आहे, आणि बहिणीनं हे किती दिवस एकटीनं केलं असेल. आत्या होडी घेऊन घरी गेली होती. तिनं जाताना दोघांकडंही बघितलं नव्हतं.

गर्डर बसल्याचा आवाज आला. मग वेल्डिंगचे निळे उजेड सुरू झाले. कप्तान कापलेल्या बुंध्याला टेकून बसला. गेल्या हंगामात किती वेळा त्यानं वर चढून तो दिवा पुसला होता. एकदा पाय घसरून पडता पडता वाचला होता. रिकामी बोट घेऊन भर उन्हात बंदरापर्यंत जाऊन आला होता. आणि समोर कुणी बघतच नव्हतं. त्याला वाईट याचं वाटलं नाही की आपण फसलो. वाईट याचं वाटलं की तेवढे दिवस आपण खूश होतो, आणि आता तसं होता येणार नाही. शेजारी नवाब बसला होता, मांडीला मांडी लागेल इतका जवळ. इतके जवळ ते खलाशी असताना झोपायचे. तरी कप्तानला वाटलं, या बोटीवर आपण एकटेच आहोत.

“गप्प का?” नवाब म्हणाला.

“गप्प कुठं?”

“हरलास म्हणून बसला असशील तोंड पाडून. मला काय दिसतंय?” त्यानं कोपरानं ढोसलं. “बरं, ती गेली. आता तुझं सांग. तुझी बोट कशी दिसते?”

कप्ताननं आपल्या बोटीकडं बघितलं. रंग उडाला होता. डेकवर लाकूड आडवं पडलं होतं, त्याच्याखाली दोर चेपले होते.

“बोडकी दिसते,” तो म्हणाला. “पण हे चार दिवस. उद्यापासून रंगाला घेतोय. निळा नको आता. हिरवा द्यायचा विचार आहे. गडद हिरवा, वर पांढरी रेघ. आणि जिथं काठी होती तिथं सावलीला छप्पर करतो, बसायला बाक, चारी कोपऱ्यांना पितळी दिवे. खाडीत कुणाकडं नाही असं.”

“हिरवा?” नवाब ताठ बसला. त्याच्या कपाळावरच्या आठ्या जुन्या जागी परत आल्या. “पितळी दिवे? थांब, मग मी तर…”

तो थांबला. त्याचं तोंड पलीकडच्या, आता रिकाम्या धक्क्याकडं वळलेलं होतं. बोलायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं, आणि गुडघ्यावरची बोटं काहीतरी शोधत असल्यासारखी हलली.

कप्ताननं पुढचं ऐकायला बराच वेळ वाट बघितली.